पाण्याच्या शिट्ट्या

शिट्टीमामांचे कान एवढे मोठे होते की बाकीचे मामा त्या दोन कानांच्या मधे कसेबसे मावलेले वाटायचे. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक बाक, दोन पान्हे, खिळ्याला अडकवलेली रबरी रिंगांची माळ आणि डोक्यावर पत्रा. तिथे बसून मामा तीस वर्षं अख्ख्या गल्लीचे प्रेशर कुकर दुरुस्त करत आले होते. त्यांचं खरं नाव काय, हे आता त्यांच्या सासूबाईंनाही आठवत नव्हतं. सासूबाईंना ते कधीच आवडलं नव्हतं, हा भाग वेगळा.

तीस वर्षांत मामांना एक विद्या आली होती. नुसती शिट्टी ऐकून ते कुकरच्या पोटात काय आहे ते ओळखायचे. डाळीची शिट्टी जड, ओली, शेवटी जराशी थुंकणारी. तांदळाची फेसाळ. बटाट्याची आळशी, ती येणार येणार म्हणता उशिरा यायची. आणि कुकरात नुसतं पाणी असेल तर शिट्टी बारीक, कोरडी आणि घाईघाईची. ही विद्या मामांनी कधी कुणापुढे मिरवली नाही. धंद्यात त्यांचा एकच नियम होता: एकाच्या कुकरात काय आहे ते दुसऱ्याला सांगायचं नाही. डॉक्टर सांगतो का? मग? हा नियम त्यांनी स्वतःच केला होता, त्यामुळे तो मोडायची परवानगी मागायला जावं असं कुणी ठिकाणही नव्हतं.

त्या वर्षी पिकाने सगळ्यांची चांगलीच फजिती केली. पीक आलं नाही असं म्हणावं, तर उभं होतं की समोर! कमरेएवढं, हिरवंगार, वाऱ्यावर डोलणारं. कणसंसुद्धा धरली. फुलोऱ्याच्या आठवड्यात गरम वारा सुटला तेव्हा सगळे म्हणाले, "गेला वारा, वाचलो." कापणीला हात घातल्यावर कळलं की कणसांत दाणाच नाही. अख्ख्या शिवारात नुसती काडी. एरवी माणसाने धान्य खाऊन काडी जाळावी. इथे जाळायला दोन वर्षांची बेगमी झाली होती आणि खायला काही नव्हतं.

मामांची शेती नव्हती. पण वर्षभराच्या दुरुस्तीचं त्यांना पीक निघाल्यावर घरटी डबाभर धान्य मिळायचं. यंदा अकरा घरांतून अकरा वेळा "पुढच्या वर्षी नक्की हं, मामा" एवढंच मिळालं. घरात खाणारी तोंडं चार. मामा, मामी, सासूबाई आणि मुलगी. मुलीला सातवा महिना लागला होता. जावई कामाच्या शोधात लांब रस्त्यांच्या कामावर गेला होता आणि तिथून पत्रं पाठवत होता. पत्रांत प्रेम पुष्कळ असायचं, पण ते शिजवता येत नव्हतं.

पिठाच्या डब्यात मामींचा हात कोपरापर्यंत जायला लागला, तेव्हा त्यांनी दुपारचा स्वयंपाक बंद केला. सकाळी पीठ कालवून उकळलेलं एक पातळ काहीतरी असायचं. मामी त्याला सूप म्हणायच्या आणि बाकी कुणी काहीच म्हणायचं नाही. मामा आपली वाटी मुलीपुढे सरकवायचे. "घे गं, माझं पोट भरलंय."

"मला भूक नाही, बाबा," मुलगी म्हणायची आणि वाटी आईकडे सरकवायची.

"मी मघाशीच घेतलं," मामी म्हणायच्या आणि वाटी पुन्हा मामांकडे यायची.

वाटीच्या अशा दोन फेऱ्या झाल्या की सासूबाई म्हणायच्या, "कुणालाच नको ना? मग आणा इकडे." आणि पिऊन टाकायच्या. त्या घरात खरं बोलणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

तर दुपारचा स्वयंपाक बंद झाला, पण बंद झाला हे कळू द्यायचं नव्हतं. निदान पंपवालीला तर नव्हतंच. पंपवाली म्हणजे भिंतीपलीकडची शेजारीण. तिच्या नवऱ्याने गावात पहिला पाण्याचा पंप बसवला, त्याला पंधरा वर्षं झाली होती आणि त्याचा टेंभा ती अजून मिरवत होती. "आपल्या घरात शिट्टी झाली नाही तर ती भिंतीला कान लावेल," मामी म्हणाल्या. त्यांनी कुकरात पाणी ओतलं, काड्या पेटवल्या आणि बरोबर बाराच्या ठोक्याला दोन शिट्ट्या काढल्या.

"आत काही खडखडत नाही," मामा बाकावरून उठून येत म्हणाले. "नुसतं पाणी आहे हे कळतं."

"तुम्हाला कळतं. तुमच्यासारखे कान सगळ्यांना आहेत का?" असं म्हणाल्या खऱ्या, पण मामींना चैन पडेना. त्यांनी घरभर शोधाशोध केली. मागच्या खोलीच्या दाराची पितळी मूठ नाहीतरी सैल झालीच होती. ती त्यांनी काढली, धुतली आणि कुकरात टाकली. मूठ छान खडखडायची. एकच अडचण झाली, मागची खोली सासूबाईंची होती आणि मुठीवाचून दार आतून उघडेना. रोज दुपारी बारा ते साडेबारा सासूबाई आत आणि मूठ कुकरात, असा बंदोबस्त आपोआपच झाला. मामांनी त्याबद्दल तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

मामींच्या दोन शिट्ट्यांवर दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून तीन आल्या. मामींनी चार काढल्या. तिकडून सहा. मामा बाकावर बसून ऐकत होते. पंपवालीच्या सहाही शिट्ट्या बारीक, कोरड्या आणि घाईच्या होत्या, आणि मधूनमधून लोखंडावर लोखंड आपटत होतं. मग एकेक करून गल्लीतल्या शिट्ट्या बारीक होत गेल्या. टपालवाल्याकडची डाळ गेली. समोरच्या म्हाताऱ्या जोडप्याकडचे बटाटे गेले. महिनाभरात बारा घरांचे बारा कुकर दुपारी बारा वाजता नुसतं पाणी शिजवत होते, एकमेकांवर कुरघोडी करत होते, आणि हे सगळ्या जगात एकट्या मामांना ठाऊक होतं.

सांगता येत नव्हतं. बायकोलाही नाही. नियम म्हणजे नियम.

"अकरा!" मामी कपाळाला हात लावायच्या. "अकरा शिट्ट्या काढल्या आज तिने. कसली मेजवानी करते रोज? आणि आपण दारांच्या मुठी उकळतोय. माझी काही इज्जत आहे की नाही?"

"अगं, अकरा शिट्ट्यांत कुठलंही अन्न राहत नाही, त्याची खळ होते," मामा म्हणायचे. याच्यापुढे नियम त्यांना जाऊ देत नव्हता.

धंदा मात्र जोरात होता. पाणी आटून कुकर करपत होते, रिंगा वितळत होत्या. पंपवाली स्वतः कुकर घेऊन आली. बूड बाहेरून काळंठिक्कर, आतून आरशासारखं लख्ख. "डाळ जरा जास्तच लागली हो, मामा," ती म्हणाली.

मामांनी आत वाकून बघितलं. "डाळ हल्ली कडकच येते," ते म्हणाले, आणि दोघंही मान डोलावत राहिले.

अशा छत्तिसाव्या दिवशी चौकातल्या फळ्यावर कागद लागला. मदत कार्यालयातर्फे पीक बुडालेल्या कुटुंबांना धान्य, डाळ आणि तेल मिळणार. आधी पाहणी करायला माणूस येणार. सगळी गल्ली फळ्यासमोर जमली आणि प्रत्येकाने वाचून झाल्यावर खांदे उडवले.

"आपल्याला काही गरज नाही म्हणा," टपालवाला म्हणाला.

"आम्हाला तर मुळीच नाही," पंपवाली म्हणाली. "पण घरी आलेल्याचा मान म्हणून घ्यावं लागतं."

सगळ्यांनी माना हलवल्या. त्या गल्लीत काहीही घ्यायची एक रीत होती. पहिल्यांदा विचारलं की "छे, छे, कशाला?" म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की "नको, खरंच नको" म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की "आता तुम्ही एवढं म्हणताच आहात तर" म्हणून हात पुढे करायचा. लग्नाची मागणीसुद्धा तिथे तिसऱ्या खेपेलाच मान्य व्हायची. पाहणीला येणारा माणूस तीनदा विचारेल आणि मग सगळं सुरळीत होईल, याबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती. मामांनी त्या संध्याकाळी मुलीला पहिल्यांदा छातीठोकपणे सांगितलं, "चार दिवस कळ काढ, बाळ. डाळ येतेय."

"मला कुठे भूक आहे?" मुलगी म्हणाली. पण तिचे गाल बसले होते आणि ते मामांना दिसत होते.

पाहणीला माणूस नव्हे, एक तरुण बाई आली. चपलेचा पट्टा सुतळीने बांधलेला, चेहऱ्यावर सात गावांची धूळ, हातात कागद लावलेली फळी. ती आली तेव्हा बाराला पाच कमी होते. ती कुणाच्या दारात गेली नाही. मामांच्या बाकाशेजारी, गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली आणि तिने पेनचं टोपण काढलं.

बाराचा ठोका पडला. पहिल्या घरातून शिट्टी आली. बाईंनी फळीवर एक खूण केली. दुसऱ्या घरातून आली, दुसरी खूण. पाहुणी आली आहे हे खिडक्याखिडक्यांतून कळलेलंच होतं, त्यामुळे गल्लीने त्या दिवशी हातचं काही राखलं नाही. आवाज असा उठला की पत्र्यावरचे कावळे उडाले. मामांनी मान वाकडी करून फळीवर नजर टाकली. घरांच्या आकड्यांपुढे ती बाई सुबक अक्षरांत एकाखाली एक लिहीत होती: गरज नाही. गरज नाही. गरज नाही.

मामांच्या तोंडचं पाणी पळालं.

"बाई, हे काय लिहिताय?"

"पाहणी करतेय, काका." ती हसली. हसू दमलेलं होतं पण खरं होतं. "खूप बरं वाटलं तुमच्या गल्लीत येऊन. गेल्या आठवड्याभरात सात गावं बघितली, दुपारी चूल पेटलेली कुठे दिसली नाही. आणि इथे ऐका!"

"पण तुम्ही विचारणार नाही का? दारात जाऊन? तीन वेळा?"

"विचारायचं नाही असा आदेश आहे." तिने छापील कागद दाखवला. चौथ्या रकान्यावर लिहिलं होतं: घरात दुपारचा स्वयंपाक होतो काय? खाली बारीक अक्षरांत: विचारू नये. प्रत्यक्ष निरीक्षणावरून भरावे. "पूर्वी विचारायचो आम्ही. मग तीन माणसांच्या घरात चौदा माणसं निघायची. एका ठिकाणी तर बैलाचं नाव आजोबा म्हणून लावलं होतं, आणि मी त्यांचं वयसुद्धा लिहून घेतलं. लोक खोटं बोलतात हो, काका."

"बोलतात," मामा म्हणाले.

"साडेबाराला गाडी येईल मला न्यायला. हे कागद त्यात जातील आणि उद्या सकाळी त्यावरून ट्रक भरतील. तुमच्याकडचं एकच घर आहे बिचारं." तिने गल्लीच्या शेवटाकडे बोट केलं. "तेरावं. तिथे शिट्टी नाही."

तेरावं घर शिंपीणबाईंचं होतं. शिंपीणबाई शहरातल्या कारखान्याचे गणवेश शिवायच्या, त्यांना दर आठवड्याला पगार मिळायचा, आणि गल्लीत पोटभर जेवणाऱ्या त्या एकट्याच होत्या. फार वर्षांपूर्वी कुकरचं झाकण उडून छताला चिकटलं, तेव्हापासून त्यांनी कुकरचं नाव टाकलं होतं. त्या पातेल्यात शिजवायच्या.

"आणि पुढची पाहणी?" मामांनी विचारलं.

"दोन महिन्यांनी."

दोन महिन्यांनी मुलीचे दिवस भरत होते. मामांना बाकावर बसवेना. सगळ्या जगाला ओरडून सांगावं असं त्यांना वाटलं, पण सांगणार काय? बाई, हा टपालवाला खोटा, ही पंपवाली खोटी, हे म्हातारे खोटे? तीस वर्षं ज्यांनी विश्वासाने आपले कुकर हातात दिले त्यांची अब्रू एका दमात वेशीवर टांगायची? मामांनी आडून सांगायचा प्रयत्न केला. "बाई, शिट्टीवर माणसाने फार भरवसा ठेवू नये. शिट्टी म्हणजे काय, नुसती वाफ."

"वाह! काय बोललात, काका."

"म्हणजे वाफ कशाचीही निघते."

"डाळीची वेगळी, तांदळाची वेगळी असेल ना?" ती म्हणाली आणि बाराव्या घराची खूण पुन्हा गिरवली.

मामांचं घर गल्लीतलं तिसरं. खिडकीत मामी उभ्या होत्या. निदान आपली तरी शिट्टी थांबवावी म्हणून मामांनी बाईंच्या पाठीमागून खूण केली: दोन्ही हातांनी चुलीतून काड्या ओढून काढायची. लांबून बघणाऱ्याला काड्या ओढणं आणि काड्या सारणं यात फारसा फरक दिसत नाही. मामींना नवऱ्याचा इतका अभिमान गेल्या कित्येक वर्षांत वाटला नव्हता. शेवटी यांनाही इज्जतीचं महत्त्व कळलं तर! त्यांनी पदर खोचला आणि मोळीच्या मोळी चुलीत सारली. चारच्या सहा झाल्या, सहाच्या नऊ. भिंतीपलीकडच्या पंपवालीने हे आव्हान समजून बारावी काढली, मग तेरावी.

"इथे तर सणच चाललाय," बाई कौतुकाने म्हणाल्या आणि त्यांनी घड्याळ बघितलं. लांबून गाडीचा भोंगा वाजला.

तो भोंगा ऐकला आणि मामा उठले. ते पळतच घरात शिरले, फडकं घेतलं आणि चुलीवरचा कुकर उचलला.

"अहो! काय करताय? अजून दोन बाकी आहेत!"

धापा टाकत, फडफडत्या शिट्टीचा कुकर दोन्ही हातांत धरून ते गल्लीतून आले. खिडक्यांतून डोकी बाहेर आली. मामांनी कुकर आपल्या बाकावर ठेवला, चमच्याने शिट्टी उचलून धरली. वाफ फुसकन निघून गेली आणि आपल्याला तीस वर्षांत कुठल्याही झाकणाचं एवढं भय वाटलं नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी झाकण काढलं.

"बघा," ते म्हणाले. "विचारू नका. नुसतं बघा."

बाईंनी वाकून बघितलं. आत पाणी होतं आणि पाण्याच्या तळाशी दाराची मूठ होती.

"हे काय आहे?"

"मूठ. चाळीस दिवस झाले." मामा म्हणाले. "घरात माझी पोर आहे. आठवा महिना आहे. सकाळी वाटीभर पातळ पाणी घेते आणि भूक नाही म्हणते. आम्ही दोघं भूक नाही म्हणतो. दुपारी आम्ही हे शिजवतो."

नुसते कुकर तेवढे वाजत होते, आणि तेही एकेक करून बंद पडले. मामी मागून धावत आल्या होत्या. त्या बाकाजवळ थबकल्या आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. त्यांना नवऱ्याचा गळा धरावा असंही वाटत होतं आणि हात धरावा असंही वाटत होतं. त्या शांततेत घरातून दार बडवल्याचा आवाज आला. "कोण मेलंय का? दार उघडा! रोज कोंडता मला!"

मुलीने जाऊन दार उघडलं. सासूबाई काठी टेकत नातीसोबत बाकापर्यंत आल्या, कुकरात वाकल्या आणि चमच्याने मूठ टोचून बघितली.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "अजून कच्ची आहे."

कुणीच हसलं नाही. सगळे पंपवालीकडे बघत होते. ती आपल्या दारात उभी होती, कमरेवर हात ठेवून. ती वळली आणि आत गेली. आता दार आपटणार, असं मामांना वाटलं. मामींनाही तेच वाटलं, आणि त्यांनी हनुवटी वर केली. पण पंपवाली बाहेर आली ती कुकर घेऊन. तिने तो मामांच्या कुकराशेजारी आदळला, वाफ काढली आणि झाकण बाजूला केलं. आत पाणी होतं, आणि मुठीएवढा एक लोखंडी नट.

"पंपाचा आहे," पंपवाली म्हणाली. "पहिल्या पंपाचा."

"अकरा शिट्ट्या!" मामी म्हणाल्या. "नटाच्या?"

"मग? तुमची मूठ मला डाळ वाटायची! रोज वाटायचं, यांच्याकडे कुठून येते एवढी?" पंपवालीचे डोळे भरून आले आणि त्याच क्षणी तिला हसू फुटलं. मामींनाही फुटलं. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून अशा हसल्या आणि रडल्या की त्यांच्यामधे सापडलेल्या सासूबाईंना काठीने वाट काढावी लागली.

मग झाकणंच झाकणं उघडली. टपालवाल्याने कुलूप शिजवलं होतं, किल्लीसकट. एकाने नातवाच्या गोट्या, एकाने घोड्याची नाल. म्हाताऱ्या जोडप्याच्या कुकरात काहीच नव्हतं, पाणीसुद्धा आटून गेलं होतं. मामांनी सवयीने लगेच रिंग तपासायला घेतली. मदत कार्यालयाची बाई एकेका कुकरात वाकत होती आणि एकेक ओळ खोडत होती. तिच्या नाकाच्या शेंड्यावर वाफेचं पाणी साठलं होतं.

"आदेश बरोबर पाळला मी," ती स्वतःशीच म्हणाली. "विचारलं नाही. बघितलं."

मामी मामांच्या जवळ सरकल्या. "तुम्हाला तिची शिट्टी ऐकून कळलं होतं?"

"धंद्याचा नियम आहे," मामा पुटपुटले.

"चाळीस दिवस?"

"उद्या भांडू," मामा म्हणाले, कारण गाडी गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली होती.

बाईंनी कागद उलटला. "फक्त नववा रकाना राहिला. हा मात्र विचारायचा आहे." त्यांनी मान वर केली आणि गल्लीला मोठ्याने विचारलं, "मदत स्वीकारायला तयार आहात ना?"

"छे, छे, कशाला!" बारा घरं एका सुरात म्हणाली.

चाळीस दिवसांची उपाशी माणसं, समोर रिकामे कुकर उघडे पडलेले, आणि म्हणे कशाला! पण त्यांचा दोष नव्हता. जिभेला तेच वळण होतं. बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी पेन टेकवलं.

"थांबा!" मामा किंचाळले. त्यांनी पेनच धरलं. "बाई, अजून दोनदा विचारा!"

"रकाना एकच आहे, काका."

"मग एकाच रकान्यात तीनदा विचारा! तुमच्या पाया पडतो!"

गाडीवाल्याने भोंगा वाजवला. बाईंनी मामांकडे बघितलं, मामांच्या मागे उभ्या असलेल्या मुलीकडे बघितलं. "तयार आहात ना?" त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं.

"नको, खरंच नको," गल्ली म्हणाली. पण आवाज पडला होता.

"मदत घ्याल का?"

टपालवाला चपलेकडे बघत होता. पंपवालीने मामींचा हात घट्ट धरला होता. मग तिनेच घसा खाकरला. "आता तुम्ही एवढं म्हणताच आहात तर..." ती म्हणाली, आणि बाकीची अकरा घरं तिच्यामागून घाईघाईने म्हणाली, की तेच, तेच, एवढं म्हणताच आहात तर.

बाईंनी बारा वेळा 'होय' लिहिलं. तेवढ्यात तेराव्या घरातून शिंपीणबाई हातात पातेलं घेऊन आल्या. गोंगाट ऐकून त्यांनी शिवण टाकली होती आणि दारातून सगळं बघितलं होतं.

"माझं नाव काढा त्यातून," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे आहे."

बाई आता शिकल्या होत्या. त्यांनी तीनदा विचारलं. शिंपीणबाई तिन्ही वेळा नाही म्हणाल्या. त्या गल्लीत ऐकू आलेला हा पहिला खरा नकार. बाईंनी नाव खोडलं, गाडीत बसल्या, आणि गाडी निघताना खिडकीतून ओरडल्या, "उद्या दुपारपर्यंत ट्रक येईल! आणि ती मूठ दाराला लावा!"

पातेल्यात डाळ होती. मामांना ती शिट्टीवाचून ओळखता आली. शिंपीणबाईंनी पातेलं बाकावर रिंगांच्या माळेशेजारी ठेवलं आणि म्हणाल्या, "आधी पोरीला." सगळे मागे सरले. सासूबाईसुद्धा, पण एकच पाऊल.

मुलगी बाकावर बसली. मामांनी फडक्याने हात पुसले आणि वाटीत डाळ वाढली. ती खाली मान घालून खात राहिली. वाटी रिकामी झाली. मामांनी पळी भरून हातात तयार ठेवली होती, आणि मन घट्ट करून ठेवलं होतं. ती नको म्हणणार. मग पुन्हा विचारायचं. ती पुन्हा नको म्हणणार, भूक नाही म्हणणार. मग तिसऱ्यांदा.

"अजून वाढू का, बाळ?"

"हो," मुलगी म्हणाली.